भरती यायच्या आत

फील्डवर्कला जाण्याआधी भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : पोहता येतं का? मी ‘येस’वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

मला पोहता येत नव्हतं. वर्ध्याजवळच्या आमच्या गावची नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी व्हायची, आणि विहिरीत उड्या मारायच्या त्या मुलांनी. आम्ही मुली काठावर कपडे धूत असायचो. नागपूरला एम.एस्सी. केलं, पीएचडीला अमेरिकेत आले, तोवर पाण्याशी संबंध आला तो बादलीतल्या. पण आमच्या प्रोफेसर बाई उन्हाळ्यात दोघांनाच बरोबर नेणार होत्या, आणि नाही गेले तर माझ्या थीसिससाठी तपासायचा बेटावरचा गाळच मिळणार नव्हता. खोटं लिहिताना मला फारसं काही वाटलंही नाही. बोटीवर लाइफ जॅकेट असतंच की, असं म्हणाले स्वतःला.

जायचं होतं मेन राज्याच्या किनाऱ्यापासून बरंच आत, अटलांटिकमधल्या चार बेटांच्या एका पुंजक्यावर. आता तिथे कुणी राहत नाही. शेवटची कुटुंबं दोन पिढ्यांपूर्वी किनाऱ्यावर निघून गेली. आम्हाला ज्यानं बोटीनं तिथे सोडलं, तो लॉब्स्टर पकडणारा म्हातारा त्यांच्यातल्याच एका घराण्यातला. त्यानं वाटेत सांगितलं, की त्याच्या पणजीची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा गाय बोटीत मावेना, म्हणून तिला दोरीनं बांधून पोहत आणलं. गाय पोचली, पण त्या हिवाळ्यात पणजीची दोन भावंडं गेली. “त्यांनीच शोधली ही बेटं, असं आमच्यात सांगतात,” तो म्हणाला. बाई हसल्या. त्यांना नेमकं हेच तपासायचं होतं.

तपासायची रीत सोपी होती. बेटावरच्या दलदलीत गाळाचे थर एकावर एक साचत जातात. पोकळ नळी खोल दाबून तो गाळ अखंड वर काढायचा. माणसानं जाळपोळ करून रान साफ केलं असेल तर त्या थरात कोळशाचे कण सापडतात. मेंढ्या आल्या असतील तर त्यांच्या लेंड्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू सापडतात. म्हणजे पहिलं माणूस कधी आलं आणि कधी टिकलं, हे चिखल सांगतो.

आम्ही तिघं होतो : बाई, मी, आणि पुण्याचा एक मुलगा. तो लॅबमध्ये माझ्याहून दोन वर्षं सीनियर. बडबड्या, सगळ्यांना मदत करणारा, डब्यातला शेवटचा लाडू न विचारता खाणारा. पहिल्याच दिवशी बोटीतून उतरताना मी त्याचा दंड इतका घट्ट धरला, की त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

“अगं, तुला पोहता येतं ना?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“म्हणजे नाही.”

तो थांबला. “फॉर्मवर काय लिहिलंस?” मी बॅग उचलली. “यार, तू पण ना...” एवढंच म्हणाला. बाईंना सांगितलं नाही त्यानं.

आमचा मुक्काम मोठ्या बेटावरच्या लाकडी खोलीत होता. शेजारच्या लहान बेटावर सगळ्यात जुनी दलदल होती. ही दोन बेटं गोट्यांच्या एका अरुंद वाटेनं जोडलेली होती. ओहोटीला ती वाट उघडी पडायची, तीन तास. भरतीला तिच्यावरून दीड पुरुष पाणी वाहायचं, दोन्ही बाजूंनी. बाईंनी पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं, “वाट बुडायच्या आत परत यायचं. चुकलात तर पाण्यात पाय घालायचा नाही. तिथेच बसायचं, पुढच्या ओहोटीला यायचं.”

चौथ्या दिवशी ओहोटी सकाळी होती. बाईंची पाठ धरली होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. आकाश स्वच्छ होतं. गाळाच्या दोन नळ्या उत्तम निघाल्या. तिसरी वर येताना खालचा हातभर गाळ निसटला, आणि तळाचा थर, म्हणजे जो आम्हाला हवा होता तोच, गेला.

तो घड्याळ बघून म्हणाला, “चल, पॅक करू. उद्या काढू.”

“वीस मिनिटं लागतील. प्लीज.”

“वाट बुडेल गं.”

“नाही बुडत. मी बघितलंय भरतीचं टेबल.”

तो माझ्यासाठी थांबला. वीसची चाळीस मिनिटं झाली. गाळ मिळाला. मान वर केली तेव्हा पलीकडचं मोठं बेट नव्हतं. एवढं मोठं झाडांनी भरलेलं बेट, आणि त्याच्या जागी नुसती पांढरी भिंत. धुकं इतक्या पटकन येतं हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही धावत वाटेवर आलो. मधल्या सखल भागावर पाणी आधीच चढलं होतं, घोट्याएवढं.

“पटकन, पटकन,” तो म्हणाला आणि पुढे झाला. दहा पावलं गेला असेल. शेवाळावरून त्याचा पाय सटकला, दोन दगडांच्या फटीत अडकला आणि बाकीचा तो दुसऱ्या बाजूला पडला. मला आवाज ऐकू आला. सुकी काटकी मोडल्यासारखा. मग त्याची किंकाळी.

पाय सोडवायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तो कमरेपर्यंत भिजला, मग छातीपर्यंत. पाणी इतकं थंड होतं, की माझी बोटं दगडाला धरतायत की नाही हे कळत नव्हतं. त्याला मागे, लहान बेटाकडे, ओढत आणलं तेव्हा वाट दिसेनाशी झाली होती. त्याच्या जॅकेटच्या खिशातला वॉकीटॉकी बाहेर काढला, तर त्यातून पाणी गळलं. फोनला रेंज नव्हतीच.

जुन्या वस्तीचा एक खड्डा जवळच होता. घर कधीच पडलेलं, खालचं दगडांनी बांधलेलं तळघर तेवढं उरलेलं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मी त्याला तिथे आणलं. त्याचं पाऊल नको त्या दिशेला वळलं होतं. माझं कोरडं स्वेटर त्याला घातलं, माझं जॅकेट घातलं, गाळाच्या नळ्या गुंडाळायचं प्लॅस्टिक त्याच्याभोवती गुंडाळलं. काडेपेटी भिजलेली होती.

“बाई येतील ना?” त्यानं विचारलं. दात वाजत होते.

“येतील.”

पण मला कळत होतं, त्या येणार नाहीत. वाट बुडायच्या आत आम्ही परतलो नाही हे त्यांना समजलं असणार, आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे शहाण्यासारखे बसून आहोत, असं धरून त्या निवांत चहा पीत असणार. कुणालाही काळजी करायचं कारण नव्हतं. वाट संध्याकाळी उघडणार होती. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

त्या दिवसाची भीती मला नीट सांगता येत नाही. धावपळ असती तर बरं झालं असतं. काहीच घडत नव्हतं. धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं, आणि आवाज मात्र सगळे येत होते. पाणी कुठूनतरी अगदी कानाशी आल्यासारखं वाजायचं. मी उठून बघायला जायचे, तर ते लांब असायचं. एकदा कुणीतरी खोकलं. मी ओरडले, “हॅलो! कोण आहे?” ती मेंढी होती. जुन्या लोकांनी सोडून दिलेल्या मेंढ्यांची रानटी पिलावळ अजून तिथे चरते. ती खड्ड्याच्या काठावर येऊन आमच्याकडे बघत राहिली आणि गेली. त्या दगडी भिंती रचणाऱ्यांचा विचार मनात आला. ते तर महिनोन्महिने असेच बसले असतील, बोटीची वाट बघत, आणि आतल्या खाटेवर कुणीतरी आजारी. मी तो विचार झटकला. तो फार जवळ आला होता.

दुपारपर्यंत तो कुडकुडत होता आणि मधूनमधून विनोद करत होता. “आईला सांगू नकोस हं. ती पुढच्या विमानानं येईल.” मी त्याला बोलतं ठेवलं. शाळा, पर्वती, हॉस्टेलची मेस. मग पाचच्या सुमाराला त्याचं थरथरणं थांबलं. क्षणभर मला बरं वाटलं. ऊब आली वाटतं, असं वाटलं.

मग तो म्हणाला, “बस गेली का?”

“कुठली बस?”

“स्वारगेटची. दप्तर घे ना माझं.”

मी त्याच्या गालावर चापट मारली. त्यानं डोळे उघडले आणि कुणीतरी अनोळखी उभं असावं तसं माझ्याकडे बघितलं. फील्डवर्कच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट ऐकली होती : थंडीनं कुडकुडणारा माणूस थरथरायचा थांबला की घाबरा. मी घाबरले.

पाणी उतरायला लागलं होतं, पण वाट उघडायला अजून दीड-दोन तास होते. मी खाली जाऊन पाहिलं. काही दिसत नव्हतं. गाळ काढायच्या नळीचा एक लोखंडी दांडा घेऊन पाण्यात खुपसला. गुडघा. पुढे मांडी. मी परत आले. खड्ड्यात जाऊन त्याच्याशेजारी बसले. खरं सांगते, मी पाच-दहा मिनिटं बसून राहिले. त्याला सोडून जावं लागेल म्हणून नव्हे. मला पाण्यात जायचं नव्हतं, म्हणून.

मग त्यानं आईला हाक मारली. मोठ्यानं नाही, स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढीच. मी उठले.

“मी येते,” म्हणाले. त्याला कळलं नाही.

वाट कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, पण एक गोष्ट ध्यानात आली. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या लाटा वाटेवर एकमेकींवर आपटत होत्या, आणि तिथे पाण्यावर बारीक खळबळीची एक रेघ उमटत होती. त्या रेघेवर चालायचं. दांडा पुढे टेकवायचा, गोटे लागले की पाऊल टाकायचं, टेकला नाही की तिथेच थांबायचं. मधल्या सखल भागात पाणी कमरेवर आलं. प्रवाह डावीकडून उजवीकडे ओढत होता. एका ठिकाणी दांडा खालीच गेला, माझा खांदा बुडेपर्यंत, आणि मी ओरडले. नाकातोंडात पाणी गेलं. पाय पुन्हा गोट्यांना लागले तेव्हा मी किती वेळ तशीच उभी होते आठवत नाही. रडत होते, आणि आजीनं शिकवलेलं मारुतीस्तोत्र निम्मंच आठवत होतं, तेच निम्मं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पलीकडच्या काठावर मी चार पायांवर चढले.

बाईंनी दार उघडलं. माझा अवतार बघून त्यांनी लगेच रेडिओ उचलला. तासाभरात तो म्हातारा होकायंत्रावर बोट हाकत धुक्यातून आला. छोटी नाव लहान बेटाला लावून त्यानं आणि बाईंनी पुण्याच्या मुलाला उचललं. तो जिवंत होता. किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात त्याच्या घोट्यात प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दोन आठवडे बाई सगळ्यांना सांगत होत्या, ही मुलगी पाण्यातून आली. शेवटी मला ते ऐकवेना. त्यांच्या ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं, “मला पोहता येत नाही. फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. “मी तुला नेलंच नसतं,” म्हणाल्या.

“म्हणूनच लिहिलं.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला नेलं नाही. मी वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच तिसऱ्या नळीतला गाळ मोजत बसले. मेंढ्यांच्या लेंड्यांवरच्या बुरशीचे बीजाणू वरच्या थरांत होते, म्हाताऱ्याच्या पूर्वजांच्या काळातले. पण कोळसा त्यांच्या कितीतरी खाली होता, पुन्हा पुन्हा. गायीच्या आधी कितीतरी पिढ्या कुणीतरी होड्या घेऊन तिथे येत होतं, शेकोट्या पेटवत होतं आणि परत जात होतं. ‘शोधली’ हा शब्द बाईंनी पेपरमधून काढून टाकला. थीसिस पूर्ण झाला. लोक म्हणाले, तळाचा थर मिळाला हे नशीब.

त्या मुलानं पीएचडी सोडली. अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरी धरली, लग्न केलं. मी मिशिगनला ट्रॉयमध्ये माती तपासणाऱ्या एका कंपनीत लागले. दिवाळीला फोन होतो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

मागच्या वर्षी त्याची आई सहा महिने त्याच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी तिचा फोन आला.

“अगं, काकू बोलतेय. आम्ही फिरायला निघालो तर एअरपोर्टवर मशीन वाजलं ना याच्या पायाला, तेव्हा मला कळलं आत लोखंड आहे ते. मला म्हणतो, क्रिकेट खेळताना पडलो. खरं सांग, काय झालं होतं?”

मी सांगितलं. धुकं, खड्डा, पाणी, सगळं. त्यानं तिला हाक मारली होती तेही. आणि मग जे बाईंनाही सांगितलं नव्हतं ते : तो परत निघायचं म्हणत होता, मी थांबवलं. आणखी एक नळी हवी होती मला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बंद केला.

“हे त्यानं मला आताही नसतं सांगितलं,” त्या म्हणाल्या. आवाजावरून मला काही कळलं नाही. मग म्हणाल्या, “मी डिसेंबरपर्यंत आहे. ये एकदा जेवायला.”

“येते, काकू,” म्हणाले.

गेले नाही. तिकीट दोनदा काढलं, दोनदा कॅन्सल केलं. काकू पुण्याला परत गेल्या.