गळ्यातला वरवंटा

चांदणी चौक मागे पडला तेव्हा मागच्या सीटवर दोन कंपन्यांचे दोन फुल-फ्रेम कॅमेरे होते आणि शेजारी कॅमेऱ्यांच्या दुकानातला विक्रेता, इम्तियाज. "काका, तुम्हाला मोबाइलच पुरेल," असं त्याचा मालक चारचौघांत म्हणाला होता. ते मला लागलं होतं. दोन्ही कॅमेरे मुळशीत दिवसभर वापरायचे, एक निवडायचा आणि भाव पाडून त्याचं उट्टं काढायचं, असा बेत होता.

भरे गावाजवळ पहिला काढला. आटोपशीर, देखणा; पण माझ्या पंजात करंगळीला जागाच उरेना. ती खाली लटकू लागली. मेन्यूत शिरलो, तर बाहेरची वाट सापडेना.

पुढे रिहे खोऱ्यात, भातखाचरांच्या बांधावर दुसरा हातात घेतला. मूठ गच्च भरली. अंगठा टेकेल तिथे बटण. बगळा उडाला, कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता मी फोकस त्याच्यावर नेला. फोटो पाहून मनात ठरलं, हाच घ्यायचा.

तोंडाने अर्थात म्हणालो, "वरवंटा आहे नुसता! मान मोडली माझी." आवडलेल्या वस्तूला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही. याच विद्येवर मी हातगाडीपासून दोन दुकानांपर्यंत आलो. पहिल्याची मात्र तोंडभर स्तुती केली. इम्तियाज गंभीरपणे मान डोलवत होता.

धरणाजवळ पिठलं-भाकरी खायला बसलो. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "कसलं वझं हाय ते गळ्यात?"

"कॅमेरा. फार जड आहे हो."

"मग खाली ठिवा की! जेवताना बी गळ्यातच? लई जीव दिसतोय."

"जीव कसला? भाकरी वाढा!" मी खेकसलो.

इम्तियाज फोन घेऊन रेंज शोधायला बाहेर गेला.

संध्याकाळी दुकानात पोचलो, तर पहिल्याचा खोका पिशवीत घालून तयार. मालक म्हणाला, "इम्तियाजनं दुपारीच कळवलं, काकांना हाच आवडला. दुसऱ्याचा तेवढाच नग होता, तो ह्या साहेबांना दिला."

खरं सांगितलं असतं, तर मालक पुन्हा चारचौघांत हसला असता. साहेबांनी माझ्या गळ्यातला पट्टा अलगद काढून घेतला.

"जड आहे का हो?"

"वरवंटा," मी म्हणालो.

मागितलेली सूट मालकाने न भांडता दिली, ते आणखी झोंबलं.

आता रोज सकाळी कॅमेरा घेऊन गच्चीत जातो. करंगळी लटकते. तिला बजावलंय, तक्रार करायची नाही. तक्रारीचं काय होतं ते पाहिलंस ना?