बोर्डावरचं बटण

आमचे अण्णा वीज खात्यात वायरमन होते. रात्री कुणी टीव्ही नुसता रिमोटने बंद करून झोपायला गेलं की त्यांना खपायचं नाही. स्वतः उठून भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबायचे. "आभाळाचा काय भरवसा? कडाडलं की जळंल." चांदणं पडलेलं असलं तरी हेच. माझा मोबाइल त्याच बोर्डावर चार्जिंगला असायचा, त्यामुळे मी रोज चिडायचे.

निवृत्तीनंतर मात्र त्यांनाच मोठ्या टीव्हीचं वेड लागलं. घरात आई, अण्णा आणि मी, तिघंच. मी शाळेत शिकवते, म्हटलं घेऊन टाकू. नांदूरघाटहून बीडला गेलो. दुकानदाराने एका टीव्हीवर रात्रीचं आकाश लावलं. अण्णांनी त्यातल्या काळ्या भागाला जवळजवळ नाक टेकवलं. "ह्यो बंद हाय का चालू?" दुकानदार म्हणाला, हा ओएलईडी आहे, यातला एकेक ठिपका आपला आपण पेटतो आणि विझतो. काळं दिसतं तिथला ठिपका खरोखरच विझलेला असतो. अण्णा भलतेच खूश झाले. "म्हंजी पर्त्येकाला आपापलं बटण!" परतताना वाट वाकडी करून कपिलधारला गेलो. धबधब्याला पाणी होतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि तोंडभर हसू, असा त्यांचा फोटो मी मोबाइलवर काढला.

त्या टीव्हीपुढे बसून त्यांनी एक हिवाळा कबड्डी बघितली, खेळाडूंना शिव्या घातल्या. मग एका सकाळी चहाची वाट बघत बसल्या जागी गेले.

पुण्यानुमोदनाला, अण्णांसाठीच्या बुद्धवंदनेला, माणसं येणार आणि घरात त्यांचा धड एक फोटो नाही. मी कपिलधारचा फोटो टीव्हीवर लावला, उजेड पूर्ण वाढवला आणि थोड्या वेळाने चित्र आपोआप जाण्याची सोयही बंद केली. खाली फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या. वंदना झाली. माणसं टीव्हीला हात जोडून गेली. नंतर मी बंद करायला उठले तर आई म्हणाली, "असू दे." पुढे स्टुडिओतून तसबीर आली, तरी "असू दे." उन्हाळाभर अण्णा सकाळपासून रात्रीपर्यंत भिंतीवर हसत राहिले. रात्री बोर्डावरचं बटण आता आई दाबायची.

शाळा उघडायच्या सुमारास तिने आपणहून एक मालिका लावली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मालिकेतल्या घराच्या फिकट भिंतीवर एक काळसर टोपी होती. टोपीखाली खांदे. फोटोत जे जे पांढरं होतं ते काळवंडून पडद्यात उतरलं होतं, आणि मधे चेहऱ्याची उजळ जागा. मी चॅनेल बदललं. क्रिकेटच्या मैदानात अण्णा, बातम्या देणाऱ्या बाईच्या मागे अण्णा.

मला भीती वाटली. सख्ख्या बापाची भीती वाटते म्हणून लाजही वाटली, पण भीती काही जाईना. केस विंचरताना पाठीला नजर जाणवायची. मी वह्या तपासायला स्वयंपाकघरात बसू लागले. आईने मात्र आपली खुर्ची आणखी पुढे ओढली. काय लागलंय याकडे तिचं लक्ष नसायचं. फिकट काही आलं की मान पुढे करायची.

शेवटी मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुपारी आला, पडदा बघितला आणि विचारलं, "एकच फोटो लई दिवस लावलाता का? आन् रातच्याला बोर्डावरून बंद करता?" मी हो म्हटलं. "मंग बराबर. रिमोटनं बंद केला की ह्यो आतल्या आत सोताला साफ करतो. तुमी करंटच तोडता, मंग डाग साचत जातोय." त्याने कसलीशी मोठी सफाई चालू केली. "घंटाभर पडदा काळा राहील. बटणाला हात लावू नका. बरंचसं जाईल." तो गेला. काळ्या पडद्याखाली एक बारीक लाल दिवा तेवढा जळत राहिला.

"काय जाईल म्हनला त्यो?" आईने विचारलं.

"डाग."

"म्हंजी ह्येच की."

मलाच तर ते घालवायचं होतं. आई खुर्चीतून उठली, भिंतीला धरत बोर्डापाशी गेली आणि बटणावर बोट ठेवून थांबली.

"आभाळ आलंय गं. बंद करते. कडाडलं की जळंल."

दार सताड उघडं होतं. अंगणात डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं, वर ढगाचा ठिपकाही नव्हता. तिने बटण दाबलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"व्हय," मी म्हटलं, "लई भरून आलंय."

तिने बटण दाबलं. लाल दिवा विझला. मी उठले आणि प्लगही काढून ठेवला.