पॅकेजमध्ये नसलेली फाइल

चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की सक्करदऱ्याचं आमचं जुनं ऑफिस आठवतं. धंतोलीतल्या एका दवाखान्याची पेशंट-नोंदणी आम्ही क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, नेत होतो. अशा प्रणालीच्या प्रत्येक घटकाची एक व्याख्या, म्हणजे वर्णनाची नोंद, असते आणि तिला तो घटक चालवणारी फाइल जोडावी लागते. मी तिथे माझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता लिहिला आणि पॅकेजसाठी खरी फाइल द्यायला विसरलो. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. दवाखान्यात मात्र सकाळी नोंदणी उघडेना आणि गावोगावहून आलेले पेशंट उन्हात ताटकळले. ती व्याख्या उघडताच मला माझ्याच फोल्डरचा पत्ता दिसला. तरी साहेबांनी विचारल्यावर मी सगळ्या फाइली एकत्र बांधून पॅकेज करणाऱ्या सहकारी बाईंकडे बोट दाखवलं. “भाऊ, तुम्ही जे दिलं तेच तं मी पॅकेज केलं,” त्या म्हणाल्या. मी कूलरकडे बघत राहिलो. त्यांना कामावरून काढलं. परवा, इतक्या वर्षांनी, त्या बाजारात दिसल्या आणि मी नजर चुकवली. “काहून भाऊ, आताही कूलरकडेच पाहून राहिले का?” त्यांनी विचारलं. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, “ताई, फाइल मीच दिली नव्हती, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मला ते ठाऊक होतं. मला माफ करा.”