खॉ अंकलनी उघडलेला पोर्ट

खॉ बून लियाँग हे नाव आमच्या आयेर इतामच्या फ्लॅटांत कुणी घेत नाही. सगळे त्यांना टेलिफोन अंकल म्हणतात. चौतीस वर्षं पेनांगच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडल्या, निवृत्त झाले, बायको गेली, आणि एकुलती एक मुलगी सियू ह्वा पर्थला इस्पितळात नोकरीला लागली. अकराव्या मजल्यावर आता अंकल एकटे. खाली माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वाय-फाय बंद पडलं की सकाळची कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, संपवून अंकल माझ्या काउंटरवर हजर. बंद पडलं नसलं तरी हजर.

एकदा सियू ह्वाचा निरोप घेऊन आले. पर्थमध्ये मलेशियाची चॅनेलं दिसत नाहीत, म्हणून घरी व्हीपीएन बसवून हवा होता. म्हणजे तिचं इंटरनेट आधी अंकलच्या घरी येणार आणि तिथून पुढे जाणार. चॅनेलवाल्यांना वाटणार, पोरगी आयेर इतामलाच बसलीय.

"म्हणजे ती रोज घरी येणार?"

"ती नाही अंकल, तिचं इंटरनेट."

"तेच ते."

मी जुना लॅपटॉप त्या कामाला लावला. पण राउटर परक्याला आत घेत नाही. त्याला बजावून ठेवावं लागतं, की अमुक नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, कुणी आलं तर घरातल्या वीस नंबरच्या लॅपटॉपकडे पाठव. मी हे समजावत होतो तर अंकल हसले. "एक्स्टेंशन वीस जोडून दे, एवढंच ना? चौतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

तेवढ्यानं भागलं नाही. इंटरनेट कंपनीनं कितीतरी घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिला होता, त्यामुळे बाहेरून येणारा आमच्या राउटरपर्यंत पोचायचाच नाही. वेगळ्या पत्त्यासाठी अंकलनी तीन आठवडे पिच्छा पुरवला. मिळाला. मग खाली कोपितियाममध्ये, कॉफीच्या टपरीत, बसून, त्यांच्या मोबाइलच्या डेटावरून जोडून पाहिलं, तर पहिल्या झटक्यात लागलं.

"आत्ता मी घरी आहे?" अंकलनी विचारलं.

"इंटरनेटच्या हिशेबानं, हो."

"घरात कुणी नाहीये रे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून संध्याकाळी साडेसातला लॅपटॉपवर सियू ह्वाचं नाव हिरवं व्हायचं. अंकल खुर्ची ओढून त्या नावासमोर बसायचे. तिची लाइन हळू होऊ नये म्हणून स्वतःची मालिका बंद ठेवायचे. पण जोडणी चालेना तोवर ती दोन दिवसांआड फोन करून विचारायची, आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन आठवड्यांत एक फोन.

"तुम्हीच लावा की," मी म्हटलं.

"बघत बसलेली असते. मध्येच कशाला?"

मग एक दिवस वीज पडली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि लॅपटॉपला वीसऐवजी भलताच नंबर मिळाला; सियू ह्वाची जोडणी तुटली. तो नंबर मी पक्का करून ठेवला नव्हता, चूक सरळसरळ माझी. धावत वर गेलो, तर अंकल स्पीकरवर मुलीशी बोलत होते. मला बोटानंच थांब म्हणाले.

"पा, बंद करून चालू केलंस का?"

"कुठलं बटण ते?" अंकलनी विचारलं. आयुष्यभर एक्स्चेंज सांभाळलेला हा माणूस!

चाळीस मिनिटं चाललं. त्यात आईची आठवण निघाली, पर्थच्या थंडीला शिव्या झाल्या, दोघं हसले. मग मी दोन मिनिटांत दुरुस्ती केली आणि नंबर कायमचा बांधून टाकला.

तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा बंद! मी राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. वीसच्या जागी एकवीस. एकवीस म्हणजे प्रिंटर.

"प्रिंटरला मालिका दाखवताय का अंकल?"

"बोट लागलं असेल."

"बोट लागून पासवर्डसुद्धा टाकला गेला?"

ते खाली बघत म्हणाले, "मणी, फक्त गुरुवारी रे. गुरुवारी तिला सुट्टी असते."

मी भडकलो. "सरळ सांगा ना तिला, बोलावंसं वाटतं म्हणून!"

"सांगितल्यावर केलेला फोन म्हणजे ड्युटी," अंकल म्हणाले. "ड्युटी मी पुष्कळ केलीय."

असे चार गुरुवार गेले. मग सियू ह्वाचा मला फोन आला. "मणी अण्णा, खरं सांग. पा विसरायला लागलाय का?"

तिथं मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण म्हाताऱ्याची लाज राखायची म्हणून मी म्हणालो, "छे गं, त्यांचं डोकं आपल्या दोघांपेक्षा बरं आहे. बिल्डिंगचं वायरिंग जुनं, दुसरं काय!"

पुढच्याच आठवड्यात तिनं पैसे भरून तयार व्हीपीएन घेतला. "पा, तुला उगाच त्रास होतो, आता तू आराम कर," असं तिनं सांगितल्याचं अंकलनीच दुकानात येऊन मला ऐकवलं. वर "बरं झालं, बरं झालं," असं दोनदा म्हणाले. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वापरात नसलेला पोर्ट उघडा ठेवू नये, भलतेसलते लोक ठोठावत राहतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी वर गेलो. राउटरच्या पानावर वीस होतं. अंकलनी स्वतःच नीट करून ठेवलं होतं.

"बंद करतोस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तिनं चुकून इथंच लावून बघितलं तर?"

"नाही लागणार."

अंकलनी जरा विचार केला. "मग ती विचारायला फोन करेल," म्हणाले.

ती आता इथं लावणारच नाही, हे त्यांना कळत होतं की नाही, मला सांगता येत नाही. मला कळत होतं. मी पोर्ट बंद केला. अंकलनी खुर्ची ओढली, मोबाइल समोर ठेवला आणि बसले. साडेसात वाजत आले होते.