जाळीपलीकडची पिल्लं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खुराड्यात जाळी बांधणं. मी तार पिळत होतो, बायको मागं उभी राहून चुका काढत होती. जाळीच्या एका अंगाला मोठ्या कोंबड्या. दुसऱ्या अंगाला दोन वेगवेगळ्या वयांची पिल्लं: थोडी घरच्या खुडूक कोंबडीखालची, पंख फुटलेली, अन् थोडी तिनं मला न विचारता आर्वीच्या बाजारातून आणलेली, कापसाच्या बोंडाएवढी.

मी म्हटलं, "सोडून दे सगळे एकात. दोन दिवस टोच्या मारतीन, मंग होतीन सारखे."

"तुमच्या मायनंबी मले असंच सोडलं होतं. दोन दिवस नाई, दहा वर्सं टोच्या खाल्ल्या. चूप तार बांधा."

लहानग्यांसाठी तिनं एक टोपलं विटांवर उपडं ठेवलं. खाली एवढीच फट, की बारकं पिल्लू शिरेल, मोठं शिरणार नाही. घरात जाताना म्हणाली, "मी सांगीन तवाच जाळी काढजा."

दुसऱ्या दिवशी ती न्हाणीत पडली अन् गेली. मरायचंच होतं तर जाळीचं सांगून मरायचं होतं.

तेरवीला आलेल्या एकाची नजर खुराड्यावरच. "आता तुमच्याच्यानं काय होते? द्या एखादी." मी त्याला चहा विचारला नाही. मुलगा मला बोरगाव मेघेला आपल्या घरी न्यायला आला, त्याला रिकामाच परत पाठवला. तेरवीला आलेली माझी नाचणगावची मोठी बहीण मात्र हलली नाही.

पिल्लं वाढली. जाळीच्या आत दाटी झाली. पंखवाली आता बारक्यांनाच टोचू लागली अन् बारकी टोपल्याखालून निघेनात. मी जाळीला हात लावला नाही.

बहीण म्हणाली, "काऊन रे, पिल्लाईले जेल देल्ली का तुनं?"

"तिनं सांगतलं नाई अजून."

"आता ते सांगाले येनार हाय का?"

"तू आपल्या घरी जा," मी म्हटलं.

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी चक्कीवर गेलो अन् तिनं भर दुपारी जाळी काढली. परत आलो तर मोठ्यांतल्या लाल कोंबडीनं एक बारकं पिल्लू कोपऱ्यात धरलेलं. डोक्यावर रक्त. रक्त दिसलं की बाकीच्याही धावतात, तशा धावल्या होत्या. मी लाल कोंबडीला लाथ घातली. बहीण हळदीचा डबा घेऊन पळत आली.

"तुले कोनं सांगतलं होतं जाळी काढाले?"

"मले कोनी नाई सांगतलं. अन् तुलेबी कोनी सांगनार नाई आता."

तिला मारावंसं वाटलं मला. पिल्लू हातात होतं म्हणून वाचली. तिनं जखमेत हळद दाबली अन् ते पिल्लू चुलीजवळ वेगळं ठेवलं. बाकीची मी जाळी लावून परत आत कोंडली.

दिवेलागणीला मोठ्या कोंबड्या दांडीवर चढून पेंगायला लागल्या. बायको वर्षानुवर्षं असंच करायची, पेंगत्या कोंबड्यांत नवी पिल्लं सरकवायची, म्हणजे सकाळी सगळी एका जागी उठतात. मी बाजूला उभा राहून हसायचो तिला. आता एकेक पिल्लू उचललं अन् दोन कोंबड्यांच्या मधात बसवलं. लाल कोंबडी गुरगुरली. मीही गुरगुरलो. मग जाळी गुंडाळून वर टांगली.

सकाळी उजाडायच्या आधी उठलो. टोपल्याखाली एकेक वीट आणखी लावली, म्हणजे पंखवालीही शिरतील. पालकाची जुडी सुतळीनं उंच बांधली, मोठ्या कोंबड्या तिच्यासाठी उड्या मारत बसाव्यात म्हणून. दाणे दोन जागी टाकले, एकमेकांपासून लांब. दार उघडलं अन् काठी घेऊन दगडावर बसलो.

लाल कोंबडी पालक सोडून सरळ पिल्लांकडेच आली. मी काठी उचलली. तिनं एक टोच मारली. पिल्लू टोपल्याखाली पळालं, थोडं थांबलं, अन् परत दाण्यावर आलं. ती दुसरीकडे वळली.

मी काठी खाली ठेवली नाही. बहिणीनं चहा आणला, तो डाव्या हातानं घेतला.