सेन्सर बदलला, वायर कुणी बघितलीच नाही

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज बार्शीहून आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला आणायचं होतं. सकाळी डिझेल गाडी चालूच होईना. नुसता स्टार्टर फिरतोय.

नेहमीच्या मेकॅनिकने येऊन स्कॅनर लावला. "क्रँक सेन्सर गेलाय की, मॅडम. त्याच्या इशाऱ्याबिगर इंजिन पेटत न्हाय." नवा बसवला. तरी गाडी ढिम्म. म्हणे, "आता दुसरा सेन्सर बदलू."

म्हटलं, आधी वायर तर बघा!

हसला. "मशीन खोटं बोलत न्हाय, मॅडम. तुमी बसा निवांत."

निवांत? तिकडे आई पिशवी भरून दारात बसलेली!

शेवटी मीच मोबाईलचा टॉर्च लावून वाकले. सेन्सरच्या वायरलाच लिंबू-मिरची बांधलेली! गेल्या सर्व्हिसिंगला, नजर लागू नये म्हणून, यानेच बांधली होती. तिच्या लोखंडी तारेने घासून घासून वायर तुटली होती.

वायर जोडून टेप गुंडाळली आणि गाडी लगेच चालू झाली. ऑपरेशनची वेळ मात्र हुकली.

आणि बॉनेट लावायच्या आधी हा गडी नवी लिंबू-मिरची घेऊन पुन्हा त्याच वायरकडे निघाला!

आता तुम्हीच सांगा, मोतीबिंदू नक्की कुणाला झालाय?