उसनं गाव

इंजिनिअरिंगला आलो, मराठीतून सुटलो, असं मला वाटलं होतं. पण पहिल्याच वर्षी निबंधलेखन सक्तीचं निघालं. 'माझं गाव' हा निबंध मी सरळ मोबाइलकडून लिहून घेतला. माझ्या बाकावरचा, उमरेडजवळच्या खेड्यातला पोरगा काहीही वाचताना ओठ हलवतो आणि अडला की "काहून?" विचारतो. निबंध वाचून म्हणाला, "तू तं शहरातला, धरमपेठचा ना? मंग ही नदी काहून आली गा? चाल, माह्यं गाव घे."

रविवारी एसटीनं त्यानं मला घरी नेलं. त्याची आई शेजारी बसून वाढत होती. मीही आडवा हात मारला. परतल्यावर स्वतःच्या हातानं, मोठ्या ऐटीत लिहिलं, 'ग्रामीण स्त्रिया अत्यंत आतिथ्यशील असतात.'

त्या वाक्यावर त्याचे ओठ थांबले.

"ही माही माय हाय का गा?"